डिलीट झालेले फोटो, टकटकणारी डिस्क आणि बाबांचा बंद फोन

पत्र

नमस्कार. आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो. महिना झाला, माझा फोन भरला म्हणून मुलाने गूगल फोटोज उघडून जुने फोटो निवडून निवडून डिलीट केले. तो सातवीत आहे. त्याला वाटलं, फोनमधून काढले तरी गूगलवर राहतीलच. आता बघते तर दोन्हीकडे नाहीत. त्यात माझ्या बाबांचे फोटो होते. बाबा मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेले. तान्हा पोळ्याला त्यांनी नातवाचा लाकडी बैल स्वतः रंगवला होता, त्याला झूल शिवली होती, ते सगळे फोटो त्यातच. त्याआधीचे, म्हणजे आमच्या लग्नापासून मुलगा शाळेत जायला लागेपर्यंतचे, एका हार्ड डिस्कवर आहेत. ती लावली की टकटक आवाज येतो आणि कॉम्प्युटरवर काही दिसत नाही. ओळखीतले एक जण म्हणाले, आणून द्या, खोलून बघतो. बाबांचा स्वतःचा फोन आईच्या कपाटात बंद पडलेला आहे. भाऊ म्हणतो, "सगळं गूगलवर टाक ना, कशाला टेन्शन घेऊन राहिली?" मिस्टर म्हणतात, गूगलचा भरवसा नाही, नवी हार्ड डिस्क घेऊ. कोणाचं ऐकू? मुलगा तर रोज रडतो.

– एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई, आधी फोन हातात घ्या. गूगल फोटोज उघडा, 'कलेक्शन्स'मध्ये जा आणि 'बिन' शोधा. काही फोनवर तिला 'ट्रॅश' म्हटलेलं असतं. ज्या फोटोंचा गूगलवर बॅकअप झाला होता ते डिलीट केल्यावर ६० दिवस तिथे राहतात. बॅकअप झालाच नसेल तर मुदत ३० दिवसांचीच. तुमचा महिना होऊन गेलाय, म्हणजे हातात थोडेच दिवस आहेत. सगळे फोटो निवडून 'रिस्टोअर' करा, ते फोनवर आणि गूगलवर दोन्हीकडे परत येतील. बिन रिकामी करायचं बटण दिसेल, त्याला हात लावू नका. फोनच्या स्वतःच्या गॅलरीलाही बहुधा वेगळी बिन असते, तीही बघून घ्या.

आणि हे काम मुलाच्याच हातून करवा. तुम्ही शेजारी बसा. त्याचा जो समज झाला तो कित्येक मोठ्या माणसांचाही असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. गूगल फोटोज आरशासारखं चालतं. इकडे काढलेला फोटो तिकडे दिसतो, आणि त्या ॲपमधून पुसला की तिकडूनही पुसला जातो. नुसती फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचं वेगळं बटण आहे. ते बॅकअप झालेले तेवढेच फोटो फोनवरून काढतं आणि गूगलवरचे तसेच ठेवतं. आयफोनवरही आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडून जातं, आणि 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस राहतं.

बिनमध्ये काही सापडलं नाही तरी बाबांचे फोटो संपले असं समजू नका. तान्हा पोळ्याचे फोटो तुम्ही कोणाला पाठवले होते, ते आठवा. भाऊ, आई, शेजारच्या काकू, मुलाच्या शाळेचा ग्रुप. त्या दिवशी तिथे आणखी कोण कोण फोन काढून उभं होतं, तेही आठवा, कारण नातवाच्या बैलाचा फोटो काढताना मागे आजोबा आलेले असतात आणि काढणाऱ्याला ते माहीतही नसतं. सगळ्यांना एक निरोप टाका, पण त्यात नीट लिहा की फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवला तर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आणि तो कधी, कुठे काढला ही फोटोच्या आत लिहिलेली माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी येते. अर्थात जो लहान होऊन त्यांच्याकडे गेला होता तो लहानच परत येईल. तोही ठेवाच.

आता बाबांचा फोन. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत आला आहे, पण मला सगळ्यात घाईचं काम हेच वाटतं. बाबांनी स्वतः काढलेले फोटो, तुमचे, आईचे, नातवाचे, बहुतेक फक्त त्याच फोनवर आणि त्यांच्या गूगल खात्यात असतील. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ते सुरू झालं आहे. खातं गेलं की त्यातले फोटोही जातात. तुमच्याकडे अजून अवधी आहे, पण तो फार नाही. दुसरी अडचण सिमची. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. मग बाबांचं गूगल खातं उघडताना लागणारा ओटीपी तुमच्याकडे येणार नाही. नंबर अजून चालू असेल तर आजच रिचार्ज करा.

फोन कपाटातून काढल्यावर आधी त्याची पाठ बघा. फुगलेली दिसली, झाकण उचललेलं दिसलं, तर चार्जिंगला लावूच नका, दुरुस्तीवाल्याकडे नेऊन आधी बॅटरी बदलून घ्या. पाठ सपाट असेल तर चार्ज करा. पिन आईला माहीत असेल तर पुढचं सोपं आहे. यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा, 'फाईल ट्रान्सफर' निवडा आणि 'डीसीआयएम', 'पिक्चर्स' आणि व्हॉट्सॲपचं फोल्डर पूर्ण कॉपी करून घ्या. कट नाही, कॉपी. पिन माहीत नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका, चुकीच्या प्रयत्नांनी फोन जास्त जास्त वेळ बंद होत जातो आणि काही फोनवर सगळं पुसलं जाण्याची सोय केलेली असते. आणि कोणी "रिसेट मारून उघडून देतो" म्हणालं तर फोन परत घेऊन घरी या. हल्लीच्या फोनमधली साठवण कुलूपबंद असते, रिसेट केल्यावर तिची किल्लीच नष्ट होते, आणि मग कोणतंही सॉफ्टवेअर ते फोटो परत आणू शकत नाही. पिन मिळतच नसेल तर मृत व्यक्तीच्या खात्याबद्दल कुटुंबीयांनी गूगलकडे अर्ज करायची सोय आहे. मृत्यूचा दाखला लागतो, वेळ लागतो, सगळं मिळेलच याची हमी नाही, पण मार्ग आहे.

डिस्कबद्दल मी थोडं कठोर बोलणार आहे. ती पुन्हा एकदाही लावू नका. "एकदा बघूया, कदाचित चालेल" असं म्हणून लोक दहा वेळा लावतात आणि तिथेच फोटो जातात. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या मिनिटाला हजारो वेळा फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं डोकं तरंगत जातं. मधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असतं. टकटक आवाज म्हणजे ते डोकं आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. कधी ते चकतीला घासतही असतं. ज्या थरावर तुमच्या लग्नाचे फोटो आहेत तोच थर त्याने खरवडला जातो, आणि खरवडलेलं कोणालाच परत आणता येत नाही. म्हणूनच ओळखीतल्या गृहस्थांना खोलू देऊ नका, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी. अशी डिस्क धूळविरहित खोलीतच उघडायची असते. साध्या दुकानातल्या टेबलावर उघडली तर हवेतला धुळीचा एक कणही त्या अंतरापेक्षा मोठा असतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा एक उपाय लोक सांगतात. तोही करू नका, आत दमट हवेचं पाणी होतं.

डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडे द्यायची असेल तर देण्याआधी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर काय आकारणार, काम सुरू करण्याआधी मिळू शकणाऱ्या फाईलींची यादी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत देणार का. खर्च बराच येतो, हजारांत जातो. आज शक्य नसेल तर डिस्क गुंडाळून कोरड्या जागी ठेवून द्या. न लावता ठेवलेली डिस्क पुढच्या वर्षी देता येते. लावून लावून घासलेली देता येत नाही.

ज्यांची डिस्क टकटक करत नाही, फक्त दिसत नाही, त्यांनी आधी केबल बदलून आणि दुसऱ्या यूएसबीला लावून बघावं, बऱ्याचदा दोष तिथेच असतो. विंडोज "फॉरमॅट करायचं का" असं विचारेल, त्याला नाही म्हणावं. कॅमेऱ्याच्या कार्डवरून फोटो चुकून पुसले गेले असतील तर ते कार्ड लगेच वापरायचं थांबवावं. पुसलेला फोटो त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा तिथेच असतो, आणि फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर तो शोधून काढू शकतं. फाईलींची नावं जातात, फोटो मिळतात. सापडलेले फोटो त्याच कार्डवर उतरवू नयेत, कॉम्प्युटरवर घ्यावेत.

आता तुमच्या घरातला वाद. भाऊ आणि मिस्टर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. फोटो कुठे ठेवायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारते: कोणत्या एका घटनेत दोन्ही प्रती एकदम जातील? नुसतं गूगल असेल तर एक चुकीचं बोट, एक हरवलेला पासवर्ड पुरतो, तुमच्या घरी तेच झालं. नुसती डिस्क असेल तर ती पडली, बिघडली की संपलं, तुमच्या घरी तेही झालं. आणि दोन डिस्का एकाच कपाटात असतील तर? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, बर्डीपर्यंत घराघरांत शिरलं. झोपेतून उठून लोकांनी आधी माणसं वर नेली, आणि तेच करायला हवं होतं. ज्या घरात कॉम्प्युटर आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती, तिथे दोन्ही एकाच पाण्यात. कागदी अल्बमही त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर. भिजलेले फोटो ओले असतानाच सुटे करायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे आणि न पुसता, तोंड वर करून सावलीत वाळवायचे, हे त्या दिवशी फार थोड्यांना माहीत होतं. अल्बम तसाच वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चेहराच निघून येतो.

म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम ३-२-१ अशा आकड्यांत लोकप्रिय केला. तुमच्या घरासाठी तो असा: फोन आणि गूगल ही एक प्रत धरा, कारण ती दोन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. दुसरी, मिस्टर म्हणतात ती नवी पोर्टेबल हार्ड डिस्क, घरी. तिसरी, तशीच आणखी एक डिस्क, आणि ती भावाच्या घरी. तो दुसऱ्या गावी राहत असेल तर उत्तमच, नागपुरातच असेल तरी दुसऱ्या भागात, वरच्या मजल्यावर. दिवाळीला भेटाल तेव्हा घरची डिस्क त्याच्याकडे द्यायची, त्याच्याकडची आणून नवे फोटो भरायचे. म्हणजे भावाचं गूगल राहतं, मिस्टरांची डिस्क राहते, आणि भावाला स्वतःच्या बहिणीच्या फोटोंची जबाबदारी मिळते.

गूगलबद्दल आणखी एक लक्षात ठेवा. मोफत मिळते ती जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. फोटोंसाठी वेगळी अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा भरली की नव्या फोटोंचा बॅकअप थांबतो, सूचना येते, पण ती इतर शंभर सूचनांत दबून जाते. महिन्यातून एकदा ॲपमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून 'बॅकअप कम्प्लीट' लिहिलंय का ते बघा. तिथेच फोटोंची क्वालिटीही दिसते. 'स्टोरेज सेव्हर' असेल तर फोटो थोडे दाबून ठेवले जातात. रोजच्या फोटोंना ते चालतं. बाबांच्या फोटोंना 'ओरिजिनल'च ठेवा.

डिस्क घेताना १ टीबीची पुरे. एका फोटोला ४ एमबी धरले तरी तिच्यावर अडीच लाख फोटो मावतात. कपाटात ठेवून द्यायच्या प्रतीसाठी पेनड्राइव्ह घेऊ नका. पेनड्राइव्हमध्ये फोटो विजेच्या भाराच्या रूपात साठलेला असतो, वर्षानुवर्षं न लावता ठेवला तर तो भार हळूहळू ओसरतो, आणि उष्णतेत लवकर ओसरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गच्चीखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात हात घालून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. एसएसडीचं, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचंही तसंच आहे. हार्ड डिस्कही तिथे ठेवू नका, गाडीत तर मुळीच नको. मधल्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा. आणि ५०० रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह कोणी विकत असेल तर तो खोटा आहे. आतली चिप लहान असते, फक्त कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगते. ती भरली की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा हवेत जातात, आणि यादीत मात्र सगळी नावं दिसत राहतात. उघडायला गेलात की कळतं.

फोटो भरताना फोल्डरला वर्ष आणि महिना आधी लिहा, '२०१९-०८ तान्हा पोळा' असं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाईलींची संख्या ताडून बघा आणि वेगवेगळ्या वर्षांतले काही फोटो उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. काम झालं की 'इजेक्ट' करून डिस्क काढून ठेवा. सतत जोडून ठेवली तर कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरस तिच्यापर्यंत पोचतो, आणि दिवे जाऊन आल्यावरचा झटकाही.

सगळेच फोटो इतक्या निगुतीने जपायची गरज नाही. गुड मॉर्निंगची फुलं आणि चुकून निघालेले जमिनीचे फोटो खुशाल काढून टाका. पण वर्षातले पन्नासेक निवडा आणि फोटो पेपरवर छापून घ्या. छापलेल्या फोटोला पासवर्ड लागत नाही, चार्जर लागत नाही. मागे मऊ पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, कधी. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून उमटतो. हे काम आईला घेऊन बसून करा, आणि लवकर करा. बाबांच्या लहानपणीच्या फोटोत उभी असलेली माणसं ओळखणारं घरात आता बहुधा आईच आहे. फोटो कितीही जागी सांभाळला तरी ती नावं त्यात आपोआप येत नाहीत.

तुमच्या स्वतःच्या खात्याचीही एक सोय करून ठेवा. गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं अमुक महिने वापरात नसेल तर विश्वासातल्या कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे तिथे आधीच लिहून ठेवता येतं. मुदत ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत निवडता येते. मिस्टरांचं नाव घाला, आणि भावाचंही. ॲपलवर याच्या जवळची सोय 'लेगसी कॉन्टॅक्ट' नावाने आहे. आई स्मार्टफोन वापरत असतील तर त्यांच्याही फोनवर करून द्या, त्यांना विचारून.

क्रम असा धरा: आज बिन आणि बाबांच्या सिमचं रिचार्ज, या रविवारी बाबांचा फोन, पगार झाला की दोन डिस्का, आणि बिघडलेल्या डिस्कचा निर्णय सवडीने, दोघांनी बसून. काय काय सापडलं ते मला जरूर कळवा. लॅबकडून लेखी उत्तर आलं आणि त्यातलं काही समजलं नाही तर तो कागद पाठवा, मी वाचून सांगेन. फक्त बाबांच्या फोनचा पिन किंवा कोणताही पासवर्ड पत्रात लिहू नका, मलाही नाही.